टॉमचं काय झालं?

बालाघाटावरून

अंतराळातल्या गोष्टींची पडद्यावर दोन मोठी घराणी आहेत, आणि राजकारणाचीही तीच दोन असावीत असं मला हल्ली वाटतं. पहिलं घराणं 'स्टार ट्रेक'चं. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका दूरदर्शननं ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दाखवली आणि आमच्या पिढीनं ती कळो न कळो, डोळे फाडून पाहिली. त्यातल्या अंतराळ जहाजाचा कॅप्टन अमेरिकन, सुकाणूवर जपानी वंशाचा तरुण, दिशा दाखवायला रशियन (तेही शीतयुद्ध ऐन भरात असताना), संदेश सांभाळायला एक कृष्णवर्णीय बाई. गावात वाढलेल्या पोराला त्यात सगळ्यात अचंबा कशाचा वाटावा? त्या जहाजावर कुणी कुणाचा मेहुणा नव्हता. जो तो आपल्या कामाच्या जोरावर खुर्चीत बसलेला.

दुसरं घराणं 'स्टार वॉर्स'चं, १९७७ पासूनचं. तिथं आकाशगंगा केवढी तरी मोठी, पण भांडण एकाच वाड्यातलं. खलनायक निघतो नायकाचा बाप, राजकन्या निघते बहीण. बाकी कोट्यवधी लोक आहेत, ते स्फोटात मरायला.

धाराशिवचा माणूस या दुसऱ्या घराण्यातला. २०१९ची लोकसभा आठवा. ओमराजे निंबाळकर शिवसेनेचे, म्हणजे तेव्हाच्या युतीनुसार भाजपच्या बाजूचे. समोर राणाजगजितसिंह पाटील, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. दोघांचे वडील एकमेकांचे चुलतभाऊ. ओमराजे जिंकले. काही महिन्यांत राणाजगजितसिंह भाजपमध्ये गेले आणि तुळजापूरचे आमदार झाले. मग २०२२ला शिवसेना फुटली, ओमराजे उद्धव ठाकऱ्यांसोबत राहिले. २०२४ला पाहावं तर ओमराजे शरद पवारांच्या आघाडीत, आणि समोर राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील, नवरा भाजपचा आमदार आणि स्वतःची उमेदवारी अजित पवारांच्या राष्ट्रवादीची. अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार या राणाजगजितसिंहांच्या आत्या, माहेर आपल्या तेरचं; आणि त्या त्याच निवडणुकीत तिकडे बारामतीत नणंदेविरुद्ध उभ्या. पाच वर्षांत दोन्ही घरं एकमेकांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ओमराजे सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. एवढी गुंतागुंत एका भागात घातली तर हॉलिवूडचा निर्माता म्हणेल, जरा कमी करा, प्रेक्षकाला झेपणार नाही. आमच्या आईला झेपतं. तिला पक्ष विचारले तर ती गोंधळते. पण कुणाची आत्या कुणाकडे दिली, हे विचारा. टीव्हीवरच्या विश्लेषकांना ती घरी पाठवील.

यात मजा नाही असं कोण म्हणेल? मलाही आहे. माझी अडचण निराळी आहे. अशा गोष्टीत फक्त वारस असतात. गादी कुणाची, नाव कुणाचं, सूड कुणाचा, बस्स. जिल्ह्याचं नाव २०२३ला अधिकृतपणे धाराशिव झालं, त्यावर ऐकलेल्या भाषणांतलं एक तरी भाषण या जिल्ह्यात २०५० साली पाणी किती असेल, शेत कोण कसेल, यावर होतं का? मला तरी आठवत नाही. आमच्या सभांमध्ये भूतकाळ असतो, वर्तमानातली भाऊबंदकी असते. भविष्यकाळ पाहायचा तर सिनेमा लावावा लागतो.

२०२५च्या दिवाळीत तो लावला. कळंब तालुक्यात, मांजरेच्या अंगाला आमचं गाव. पुण्यात कॉम्प्युटर शिकणारी माझी मुलगी आली होती, तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि ख्रिस्तोफर नोलनचा २०१४चा 'इंटरस्टेलर' हिंदीत लावला. समोर आई, दादा, वहिनी, दादाचा मुलगा, माझी बायको आणि मी. अंतराळातलं काही या घराला पचेल असं मला वाटत नव्हतं. पण पहिला पाऊण तास हा सिनेमा पृथ्वीवर, एका शेतात घडतो. पिकांवर रोग पडलाय. गहू संपलाय, उरलाय फक्त मका. हवेत सतत धूळ. सुरुवातीला म्हातारी माणसं आठवणी सांगताना दिसतात ना, त्यांतली बहुतेक खरी आहेत. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी मुलखात धुळीची वादळं झाली, त्यातून वाचलेली. दुसऱ्या एका माहितीपटासाठी घेतलेल्या त्यांच्या मुलाखती नोलननं इथं वापरल्या.

जेवणाच्या टेबलावर ताटं पालथी मांडलेली दाखवली आहेत, धूळ बसू नये म्हणून. आई म्हणाली, "मग काय सुलटी ठेवतेत व्हय?" पुढं शेजारचा एक शेतकरी आपलं भेंडीचं पीक जाळतो आणि बोलण्यात येतं की ही जगातली शेवटची भेंडी. आई उठून पुढं बसली. "भेंडी जाळायलेत? आन् बी? बी तरी राखलं का न्हाई?" माझ्या मुलीनं हा सिनेमा मित्रांसोबत चांगला चवीनं पाहिलेला, बियाण्याचा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नव्हता म्हणे.

आईचं लग्न झालं आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायला ती गेलेली आहे. खायला सुकडी, लाल मिलो, कामावर झाडाखाली झोपवलेलं लेकरू, हे सगळं ती एरवी सांगत नाही. त्या दिवशी मध्येच थांबवून सांगायला लागली, आणि मुलीनं सिनेमा थांबवला, हे मला बरं वाटलं. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आमच्या घरातलं एक त्यात होतं.

त्याच सिनेमात शाळेतला एक प्रसंग आहे, तो मला सगळ्यात राजकीय वाटतो. बाप शाळेत जातो. मास्तर सांगतात, तुमच्या पोराला कॉलेज मिळणार नाही, तो शेतकरी होईल. जगाला आता इंजिनियर नकोत, शेतकरी हवेत. वर मास्तरीणबाई म्हणतात, माणूस चंद्रावर गेला हे खोटं होतं, आता पाठ्यपुस्तकं दुरुस्त केली आहेत. लोकांनी आभाळाकडं बघू नये, मातीकडं बघावं, म्हणून सरकारनं इतिहास बदललेला. (इतिहासाची पुस्तकं दुरुस्त करायला अंतराळयुग यावं लागत नाही, हे वेगळं.) आमच्या घरात मात्र यावर हशा पिकला. दादाचा मुलगा बी.एस्सी. ॲग्री आहे, शेती करतो, ड्रोननं फवारणी शिकलाय, तिशीला टेकलाय, आणि लग्न जमत नाही. मुलीकडचे दहा एकर रान विचारतात आणि त्याच दमात म्हणतात, मुलगा पुण्याला नोकरीला पाहिजे. "काका, या पिक्चरमधल्या सरकारला आपल्याकडं पाठवा," तो म्हणाला. ड्रोनचंही त्यानं बरोबर हेरलं. मक्याच्या रानावरून एक बेवारस ड्रोन उडत जातो, तो भारतीय वायुदलाचा निघतो. दिल्लीचं केंद्र कधीचं बंद पडलंय आणि बिचारा वर्षानुवर्षं सूर्यावर चालतो आहे. नायक तो उतरवून त्याच्या सौर पट्ट्या काढून घेतो, शेतातल्या यंत्राला लावायला. "आपल्याकडं पण हेच केलं असतं," दादा म्हणाला. सिनेमाभर तो बोललेलं हे जवळपास एकच वाक्य.

पुढची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. बाप, कूपर, मुलांना टाकून अंतराळात जातो. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून परत येईतो पृथ्वीवर तेवीस वर्षं गेलेली असतात, आणि साठलेले निरोप तो एकामागून एक पाहतो. इथं सगळं जग रडतं, आम्हीही रडलो. पण ते निरोप कुणाचे आहेत, ते नीट पाहा. लेक, मर्फ, रुसलेली आहे. तिनं वर्षानुवर्षं एकही निरोप पाठवलेला नाही. पाठवलेत ते टॉमनं, थोरल्यानं, ज्याला शाळेनं शेतकरी ठरवलं त्यानं. लग्न झालं, मूल झालं, आजोबा गेले, सगळं तो सांगत राहिला, उत्तर न येता. त्याचं पहिलं मूल गेलेलं असतं, पुढं दुसरं धुळीनं खोकत असतं, तरी तो रान सोडत नाही, तेव्हा सिनेमा त्याला हेकट ठरवतो. त्याला घराबाहेर काढायला बहीणच त्याचा मका पेटवते. मग मर्फ गणित सोडवते, माणूसजात वाचते, म्हातारी होऊन बापाला भेटते, अंतराळातल्या वसाहतीला तिचं, कूपर हे आडनाव देतात. आणि बाप, तो टॉमबद्दल एका शब्दानं विचारत नाही.

आईनं विचारलं. नावं वर जायला लागली तशी म्हणाली, "आन् त्या थोरल्याचं काय झालं?"

मी हा सिनेमा अनेकदा पाहिलाय, त्यावर लिहिलंही आहे, आणि मी स्वतः गाव सोडून धाराशिवला आलेला धाकटा आहे. रान दादा बघतो. कुटुंबात जो जातो त्याची गोष्ट होते. जो राहतो त्याच्याकडून धान्याची पोती येतात. 'स्टार वॉर्स'मध्ये टॉम नाही, 'इंटरस्टेलर'मध्ये असून नसल्यासारखा आहे, आणि आमच्या राजकारणात त्याचं नाव फक्त घोषणेत येतं, बळीराजा म्हणून.

२०२५च्या सप्टेंबरात पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिला. परांडा, भूम, कळंब, पाणीच पाणी. परांडा तालुक्यात खासदार ओमराजे स्वतः बचाव पथकासोबत छातीभर पाण्यात उतरले, तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. उतरणं खरं होतं आणि त्याला मी मनापासून दाद देतो. पण पडद्यावर पूर दिसतो. पूर ओसरल्यावरचं रान दिसत नाही. दादाच्या नदीकडच्या तुकड्यात आता माती नाही. हातभर खाली जे होतं ते वर आलंय, पिवळा मुरूम आणि गोटे, आणि त्यात सोयाबीनच्या मुळ्या उघड्या पडून वाळलेल्या. विहिरीत गाळ. सिनेमात माती हवेत उडून गेली, आमची पाण्यानं नेली, आणि ही माती व्हायला किती शतकं लागली असतील हे कुठल्याच पंचनाम्याच्या कागदावर लिहायची सोय नाही.

७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख, आणि हेक्टरी तीन लाखांपर्यंत रोजगार हमीच्या मार्गानं. आकडे सोडा, मला त्यातल्या रोजगार हमीपाशी थांबायचंय. कारण माझ्या दृष्टीनं महाराष्ट्राच्या राजकारणानं लिहिलेली सगळ्यात धाडसी विज्ञानकथा तीच आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. उद्या काम मागायला आलेल्या प्रत्येकाला काम देणं सरकारला बंधनकारक असलं तर? आणि पैसा शहरातल्या पगारदारांकडून घेतला तर? आजही पगारातून व्यवसाय कर कापला जातो तो मुळात त्यासाठी बसवलेला. बहात्तरच्या दुष्काळानं त्या कल्पनेला निकड दिली, १९७७ला विधिमंडळानं कायदा केला, २००५ला तोच विचार देशाचा झाला. योजनेत पुढं काय काय गळती झाली ते आम्हाला कुणी शिकवायला नको. पण जो मागं राहतो त्याचं काय, हा आईचा प्रश्न विधान परिषदेच्या सभापतिपदावर बसणाऱ्या माणसाला एकेकाळी पडला होता, आणि त्याला गादीचा वारस असावं लागलं नव्हतं.

आज तसा प्रश्न टाकायचा तर कुठं टाकायचा? कृष्णेचं पाणी मराठवाड्यात आणायच्या योजनेत पहिल्या टप्प्याचे सात टीएमसी गेली दोन दशकं भाषणांत येतात. त्या योजनेत काळ कृष्णविवराजवळच्याहून हळू चालतो. साहित्यानं तरी भविष्याकडं पाहिलं होतं. जयंत नारळीकरांनी टोपणनावानं पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला मराठी विज्ञान परिषदेचं बक्षीस मिळालं ते १९७४ साली, नोलनच्या चाळीस वर्षं आधी. २०२०चं साहित्य संमेलन इथं, तेव्हाच्या उस्मानाबादेत झालं आणि त्याच्या पुढच्याच, नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर होते. एका संमेलनानं हुकलं, नाहीतर भविष्यावरचं भाषण आमच्या मैदानावर वाजलं असतं. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. मराठी पडद्यानं मात्र या वाटेवर क्वचितच पाऊल टाकलं. २०१६चा 'फुंतरू' सोडला तर चटकन नाव आठवत नाही. पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. पालथी ताटं आणि जळणारी भेंडी दाखवायला किती पैसा लागतो?

त्या रात्री आमच्याकडं दुसरा भाग लिहून झाला. मुलीचं म्हणणं, टॉम मागं राहिलेल्यांना जमवून माती परत तयार करतो, बांधावर बांध, वर्षानुवर्षं, आणि अंतराळातले लोक शेवटी बियाणं मागायला त्याच्याकडं येतात. आईनं बी कोण राखतं ते ठरवलं: टॉमची बायको. पुतण्या म्हणाला, "एवढं करून भागणार न्हाई. टॉमला ग्रामपंचायतीला उभं करावं लागंल."

दादानं पान लावता लावता मान वर केली. "पॅनल कुणाचं?"

– बालाघाटकर