पाखरं हाकला, पण शेजाऱ्याच्या रानात नको



ज्वारी चिकात आली की पाखरांचे थवे उतरतात. मग कुणी भल्या पहाटे फटाके लावतं, कुणी कार्बाईडची बंदूक वाजवतं. पाखरं उठतात आणि बांधापलीकडच्या ज्वारीवर जाऊन बसतात. वर शेजाऱ्याची जनावरं बुजतात, वस्तीवरची लेकरं दचकून उठतात. पाखरं चार दिवसांत आवाजाला सरावतात, शेजाऱ्याचा अबोला मात्र वर्षभर टिकतो.

आमचं स्पष्ट मत: राखण एकट्याची नको, शिवाराची हवी. लगतच्या चार-पाच जणांनी सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या लावा. चमकी रिबन सगळ्यांनी एकदम बांधा, मधूनमधून जागा बदला. पुढच्या हंगामात पेरणीही सोबतच करा. जे रान आधी किंवा मागून पिकतं, त्यावरच सगळी पाखरं तुटून पडतात.

विषारी दाणे तर टाकूच नका. ते शेजारची कोंबडीही टिपते. मोर मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. आणि हरभऱ्यातली घाटेअळी खाणारी साळुंकी, कोतवालही पाखरंच आहेत.

आज संध्याकाळी बांधावर बसून बोला.