कवायतीबरोबर पुस्तकही द्या

मा. श्री. दादाजी भुसे, शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि बालभारती, पुणे येथील भाषा विषयाच्या समितीचे सर्व सदस्य यांस,



राज्यातील मुलांना पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षण दिले जाईल आणि त्यासाठी सुमारे अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेतली जाईल, असे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. देशप्रेम, शिस्त आणि व्यायामाची सवय ही कारणे त्यामागे सांगितली गेली. मुलांनी मैदानावर यावे, घाम गाळावा, वेळ पाळायला शिकावे, याला कोणी शिक्षक नाही म्हणणार नाही. माझे पत्र कवायतीच्या विरोधात नाही. या कवायतीच्या जोडीला, मुले मोठी होत जातील तसे त्यांच्या हाती काय द्यायचे, एवढ्यापुरतेच ते आहे. बोरीवलीत मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्या हक्काने लिहितो.

उदाहरणादाखल एक पुस्तक पाहा. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या इंग्रजी नावाने ती आपल्याकडे ओळखली जाते. तिची सुरुवात आघाडीजवळ होत असली तरी तिचे मूळ एका शाळेच्या वर्गात आहे. कांटोरेक नावाचे मास्तर कवायतीच्या तासाला मुलांना पितृभूमीवर भाषणे देतात आणि शेवटी सगळा वर्ग घेऊन भरती कार्यालयात जातात. योसेफ बेम नावाच्या एका मुलाला जायचे नसते. पण नाही म्हटले तर आईवडीलसुद्धा भित्रा म्हणतील, म्हणून तोही जातो. सुरुवातीलाच मरणाऱ्यांत तो असतो.

पुढे दहा आठवड्यांचे प्रशिक्षण येते. शिकवणारा हिमेलश्टोस गावचा पोस्टमन. गणवेश अंगावर चढताच तो या मुलांना चिखलात लोळवण्यात धन्यता मानू लागतो. रेमार्क इथे कवायतीला निव्वळ वाईट म्हणत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या छळातून मुले कणखर होतात, एकमेकांना धरून राहायला शिकतात आणि त्याच बळावर खंदकात तगतात. पण त्याच दहा आठवड्यांत वर्गात शिकलेले सारे त्यांच्यातून गळून पडते.

केमेरिख हा वर्गमित्र पाय कापलेल्या अवस्थेत इस्पितळात मरणाच्या दारी पडलेला असतो आणि म्युलर त्याचे चांगले बूट मागतो. म्युलर दुष्ट नाही. मेलेल्या मित्राला बुटांचा उपयोग नाही आणि आपल्याला आहे, हा त्याचा हिशेब आहे. विशीच्या आतल्या मुलाला असा हिशेब जमू लागणे, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. सुटीवर घरी आलेल्या पॉल बॉयमरला आपल्या खोलीतली पुस्तके परकी वाटतात. वडिलांना आघाडीवरच्या गोष्टी ऐकायच्या असतात आणि त्याला त्या सांगता येत नाहीत. वयाने मोठ्या सैनिकांपाशी निदान परतायला बायको होती, धंदा होता. ही मुले थेट बाकावरून खंदकात गेली, त्यांच्यापाशी परतायला काही तयारच झालेले नव्हते.

हे युरोपचे दुखणे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यातले आपशिंगे मिलिटरी हे गाव आपल्याला माहीत असेल. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले, तशी पाटी गावात आहे. या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले, एवढेच सांगणाऱ्या अशा पाट्या महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी आहेत. मेसोपोटेमियात कुतला १९१५च्या डिसेंबरपासून १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत जी फौज वेढ्यात उपाशी राहिली आणि शरण गेली, ती ‘पुणे डिव्हिजन’च होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कैदेतून जे परतले ते कसे परतले, रात्री झोपेत काय बोलत होते, हे कुठल्याही दगडावर कोरलेले नाही.

दगडाचा विषय निघालाच आहे तर माझ्या बोरीवलीत या. इथे पश्चिमेला एकसरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये अशा सहा दगडांचे वर्णन आहे. अभ्यासक ते अकराव्या ते तेराव्या शतकातले मानतात. वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग त्यांवर कोरली आहे आणि काही अभ्यासक तिचा संबंध शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या लढाईशी जोडतात. खालच्या पट्टीत लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवपूजा. शिल्प अप्रतिम आहे आणि बोरीवलीच्या प्रत्येक मुलाने ते पाहिले पाहिजे. पण त्या दगडावर लढाईनंतर एकच वाट आहे, ती वर जाते. जो मेला नाही, पांगळा होऊन किंवा गप्प होऊन या खाडीकाठच्या घरी परतला, त्याला वीरगळात जागा नाही. आमची शौर्याची पाठ्यपुस्तकेही याच रचनेत अडकली आहेत. अभिमन्यू चक्रव्यूहात पडतो आणि धडा संपतो.

महाभारत मात्र तिथे थांबत नाही. आमच्या घराघरांत अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत अजून फिरतो आहे. धर्मवीर भारती यांनी १९५४च्या ‘अंधायुग’ या हिंदी नाटकात त्यालाच मध्यभागी आणले. वडीलधाऱ्यांनी बोललेल्या एका अर्धसत्याने त्याचा बाप मारला जातो आणि तो तरुण झोपलेल्यांना कापणारा पशू होतो. युद्ध तरुणाचे काय करते, हे सांगायला आपल्याला परदेशी जायची गरजच नाही. मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. ती आघाडीवर नाही, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर घडते. द्वेषाने देशोधडीला लावलेली माणसे त्या बोटीवर आहेत. मुल्कराज आनंद यांच्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’मधला लालू हा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा १९१४ साली फ्रान्समध्ये उतरतो आणि आपण कोणासाठी लढतो आहोत, हे त्याला नीटसे कळत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: असे वाचून मुले भित्री होतील, सैन्यात कोणी जाणार नाही. अशा पुस्तकांचे लेखक कोण होते ते पाहा. रेमार्क अठराव्या वर्षी सक्तीने भरती झाला आणि १९१७ मध्ये जखमी झाला. ‘स्लॉटरहाउस फाइव्ह’ लिहिणारा कर्ट व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेनला युद्धकैदी होता. तो युद्धावर लिहितो आहे हे कळल्यावर त्याच्या मित्राची पत्नी संतापली, की तुम्ही तेव्हा निव्वळ लेकरे होतात आणि आता स्वतःला मोठे मर्द दाखवाल. व्हॉनेगटने ते मानले आणि पुस्तकाच्या उपशीर्षकातच हे युद्ध मुलांचे होते असे सांगितले. व्हिएतनामचा कादंबरीकार बाओ निन्ह ज्या युवा ब्रिगेडमधून लढला, तिच्या पाचशे जणांतले दहा उरले. ही पळपुट्यांची पुस्तके नाहीत. आणि त्यांना घाबरले कोण? १९३०च्या डिसेंबरात रेमार्कच्या कादंबरीवरील चित्रपट बर्लिनला लागला तेव्हा नाझींनी थिएटरात उंदीर सोडले, आणि १९३३च्या मे महिन्यात त्याची पुस्तके चौकात जाळली. पुढे त्यांनी ज्या पिढीला युद्धात लोटले, तिच्यासाठी ते पुस्तक बंद होते.

हा प्रश्न आज का, तेही सांगतो. २०२२च्या अग्निपथ योजनेत भरतीचे वय साडेसतरापासून सुरू होते. म्हणजे बारावीच्या बाकावरचा मुलगा. चार वर्षांच्या सेवेनंतर प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात, बाकीचे विशीतच घरी येतात. त्यांतला कोणी चकमक पाहून आला, शेजारचा मित्र गमावून आला, तर त्याच्याशी बोलायचे कसे, हे त्याच्या आईला, भावाला, जुन्या वर्गमित्रांना कोण शिकवणार? साहित्य हेच शिकवते. जो पॉलची सुटी वाचून बसला आहे, तो परतलेल्या मित्राला पहिल्याच दिवशी ‘किती मारलेस?’ असे विचारणार नाही.

म्हणून मागणे असे आहे. नववी ते बारावीच्या मराठीच्या पुस्तकांत दरवर्षी युद्धावरचा एक तरी असा उतारा घ्या, ज्यात तरुण परत येतो आणि बदललेला असतो. परभाषेतला असेल तर चांगल्या लेखकाकडून मराठीत आणा. उतारा आधी ‘किशोर’ मासिकात छापून पाहा, मुले काय म्हणतात ते कळेल. त्यावर पाच गुणांचा ‘देशभक्ती’चा प्रश्न मात्र विचारू नका. त्या अडीच लाख माजी सैनिकांना शिट्टी आणि पावले शिकवण्यापुरते बोलावू नका. मोठ्या वर्गांत त्यांना खुर्ची द्या, समोर भाषण नको, पाहुणे नकोत, कॅमेरा नको. त्यांना आठवेल ते त्यांनी सांगावे आणि नको वाटेल ते न सांगण्याचा त्यांचा हक्क मुलांनी पाळावा. आमच्या एकसरचे वीरगळ दाखवायला शिक्षकांनी मुलांना जरूर न्यावे आणि तिथे उभे राहून विचारावे, की या नौकांवरून जे जिवंत परतले त्यांचे काय झाले असेल?

शेवटची विनंती शिक्षकांसाठी आहे आणि ती परिपत्रकात लिहूनच यायला हवी. कोणत्याही शिक्षकाने वर्गात उभे राहून मुलांना भरतीसाठी लाजवू नये, चढवू नये. जायचे ठरवणारा मुलगा डोळे उघडे ठेवून जाऊ दे, न जाणारा मान खाली न घालता राहू दे. प्रशिक्षणाच्या आदेशाला हे कलम जोडा, एवढेच मागतो.

आपला,
बोरीवलीचा एक निवृत्त मराठी शिक्षक