खारीच्या पदरांत दडलंय काय?

सकाळी सातची शाळा, आठची लोकल, गॅसवर एकीकडे चहा आणि दुसरीकडे डब्याची भाजी. अशा घाईत बेकरीतून आणलेली खारी, टोस्ट किंवा क्रीमरोल म्हणजे गृहिणीला मोठाच आधार. मुंबई-पुण्याची खारी असो, सुरतची नानखटाई असो की हैदराबादचे उस्मानिया बिस्किट, चहात बुडवले की न्याहारी झाली! मुलेही तक्रार न करता खातात. आठवड्यातून एखादे दिवशी हे चालून जाते. पण वर्षाचे तीनशे दिवस हीच न्याहारी होत असेल, तर त्या कुरकुरीत घासाबरोबर पोटात काय जाते, हे एकदा तपासून पाहायलाच हवे.

कुरकुरीतपणा येतो कुठून?

खारीचे पदर सुटतात ते तिच्यातल्या मेदामुळे. मैद्याच्या लाटीवर घट्ट तूप पसरून तिची घडी घालतात, लाटतात आणि पुन्हा घडी घालतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते. ही वाफ पदर वर उचलते आणि मधला मेद त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. पातळ तेलाकडून हे काम होत नाही. लोणी महाग पडते, म्हणून बेकऱ्यांनी वर्षानुवर्षे वनस्पती तूप वापरले.

वनस्पती तूप म्हणजे हायड्रोजन वायूच्या साहाय्याने घट्ट केलेले तेल. तेल असे अर्धवट घट्ट करताना त्यात ‘ट्रान्स फॅट’ तयार होतात. हे मेद रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कोलेस्टेरॉल घटवतात. हृदयाच्या दृष्टीने हा दुहेरी तोटा. दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या आहारात २.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डेन्मार्कने २००३ मध्येच यावर कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आधी १० टक्के होती. ती २०१६ मध्ये ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. आता हाच २ टक्क्यांचा नियम तेल-तूप वापरून केलेल्या तयार पदार्थांतल्या मेदालाही लागू आहे.

मग प्रश्न मिटला का? निम्माच मिटला. वनस्पती तुपाच्या जागी अनेक ठिकाणी पामतेलापासून केलेला घट्ट मेद आला. त्यात ट्रान्स फॅट कमी असतात, पण पामतेलात जवळपास निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. शेंगदाणा तेलात तो साधारण पाचवा हिस्सा असतो. संपृक्त मेद रोज जास्त प्रमाणात खाल्ले, तर तेही वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. म्हणून पाकिटावर ‘ट्रान्स फॅट शून्य’ असे वाचून निर्धास्त होऊ नये.

पावातले रसायन

पाव अधिक फुगावा म्हणून पूर्वी पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालत. या रसायनामुळे उंदरांमध्ये मूत्रपिंडाच्या व थायरॉइडच्या गाठी झाल्याचे आढळले. त्यावरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याचा समावेश ‘माणसातही कर्करोगाची शक्यता’ असलेल्या पदार्थांत केला. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने पाव, बन, पिझ्झा यांचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश मिळाले. पुढच्याच महिन्यात सरकारने ब्रोमेटवर बंदी घातली. ग्राहकांच्या बाजूने कोणी तपासणी केली की कायदाही हलतो, हे यातून दिसले.

आकड्यांची भीती किती?

पाकिटावरचे २८२, ४७१, १०२ असे आकडे पाहून अनेकींच्या पोटात गोळा येतो. पण प्रत्येक आकडा म्हणजे विष नव्हे. ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा. २८२ हे पावाला बुरशी येऊ नये म्हणून घातलेले कॅल्शियम प्रोपिओनेट. ४७१ मुळे तेल आणि पाणी एकजीव राहते.

मुलांच्या बाबतीत लक्ष ठेवावे ते कृत्रिम रंगांवर. १०२, ११०, १२२ आणि १२४ हे आपल्याकडे ठराविक प्रमाणात चालणारे पिवळे, केशरी व लाल रंग. युरोपात मात्र २०१० पासून या रंगांच्या पदार्थांवर, ‘मुलांच्या चंचलतेवर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो’, असा इशारा छापावा लागतो. आवरण जितके भडक, तितका हात आखडता घ्यावा.

पाकीट उलटून पाहा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिली तीन नावे मैदा, तेल आणि साखर अशी असतील, तर बाकीची यादी वाचली नाही तरी चालेल! ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदाच. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच भावंडे. ब्राउन ब्रेडच्या यादीत मैदा पहिला आणि १५० क्रमांकाचा कॅरॅमल रंग शेवटी असेल, तर तो रंगवलेला पांढरा पाव समजावा.

थोडे गणितही करावे. समजा, १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम मेद लिहिले आहेत आणि मुलाने ४० ग्रॅम खाल्ले. म्हणजे १० ग्रॅम, सुमारे दोन चमचे मेद सकाळीच पोटात गेले. आणि मैद्यात चोथा नगण्य, त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा भूक लागतेच.

मग न्याहारीला काय?

रोज साग्रसंगीत बेत करण्याची गरज नाही. कांदेपोहे आणि उपमा पंधरा मिनिटांत होतात. आदल्या रात्रीची पोळी कुस्करून फोडणीला टाकावी. थालीपिठाची भाजणी घरात असली की अर्धे काम झालेले असते. भाकरी-दही, दूध-केळे, उकडलेले अंडे किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ यांना तर वेळच लागत नाही. पोळी-भाजीचे गुंडाळे करून हातात दिले, तर मुले चालता चालताही खातात.

खारी-क्रीमरोल घरातून हद्दपार करायला नको. मात्र त्यांचा वार ठरवावा. रविवारच्या चहाबरोबर खाल्लेली दोन खारी कोणाचे हृदय बिघडवत नाहीत. नुकसान होते ते रोजच्या सवयीने, आणि ही सवय लहानपणीच लागते.

कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या खारीवर तर वाचायला काहीच छापलेले नसते. तिथे आपली जीभच कामाला येते. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटला, तर तो तोंडातल्या उबेने न वितळणारा मेद आहे, असे ओळखावे. आणि पुढच्या खेपेला बेकरीवाल्याला सरळ विचारावे, ‘भाऊ, यात तूप कोणतं घालता?’ चार गिऱ्हाइकांनी रोज हा प्रश्न विचारला, तर त्यालाही उत्तराची तयारी ठेवावीच लागेल.