सुतकात दिलेला पेपर आणि गुणवत्तेचा न्याय

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू झाल्या की मराठी वृत्तपत्रांत एक बातमी हमखास वाचायला मिळते: वडिलांचे पार्थिव घरात असताना मुलीने पेपर दिला आणि परीक्षा केंद्रावरून परतल्यावर अंत्यविधी झाला. बातमीचा सूर कौतुकाचा असतो. मुलीच्या धैर्याला दाद दिली जाते, शिक्षकांनी तिची समजूत कशी काढली हेही सांगितले जाते. त्या दिवशी पेपर न देण्याचा रास्त पर्याय तिच्यापुढे होता का, हा प्रश्न मात्र बातमीत कुठेच येत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, घरावर कोसळलेल्या आपत्तीमुळे महत्त्वाच्या परीक्षेवर परिणाम होत असेल तर विद्यार्थ्याने मदत मागणे ही याचना नसून न्याय्य मागणी आहे, आणि ती मागणी ऐकून घेण्याची लेखी, सर्वांना ठाऊक असलेली पद्धत घालून देणे हे शाळेचे व मंडळाचे कर्तव्य आहे. येथे आपत्ती म्हणजे निकटच्या माणसाचा मृत्यू, स्वतःचा किंवा आईवडिलांचा गंभीर आजार, घरातील हिंसा, अचानक बेघर होणे यांसारखी, विद्यार्थ्याच्या हातात नसलेली घटना. अभ्यास अपुरा राहिल्याची धाकधूक या व्याख्येत बसत नाही.

या प्रतिपादनाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांना जुन्या शास्त्रार्थाच्या परिभाषेत पूर्वपक्ष म्हणता येईल, आणि पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडल्याखेरीज त्याचे खंडन प्रामाणिक ठरत नाही. पहिला आक्षेप समतेच्या नावाने येतो. प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, तपासणीची पद्धत एक, उत्तरपत्रिकेवर नावही नाही. हाच गोरगरिबांच्या मुलांचा खरा आधार आहे, आणि एकदा परिस्थिती मोजायला सुरुवात केली की ज्याला आपली परिस्थिती नीट मांडता येते त्याचेच फावेल, असे हा पक्ष म्हणतो. यातली भीती खोटी नाही. परंतु आजची परीक्षा केवळ कागदावरच्या उत्तरांवर चालते, हे गृहीतक वस्तुस्थितीला धरून नाही. क्रीडास्पर्धांतील सहभाग, शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणी, शास्त्रीय व लोककलांतील प्रावीण्य यांसाठी मंडळ ठरलेल्या नियमांनुसार वाढीव गुण देते आणि त्यामुळे गुणपत्रिकेची प्रतिष्ठा गेली असे कोणी म्हणत नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर उजवा हात मोडलेल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे लेखनिक, म्हणजे त्याने सांगितलेले उत्तर लिहून देणारी व्यक्ती, मिळू शकतो. शरीराच्या दुखापतीची दखल घेणे ज्यांना समतेशी विसंगत वाटत नाही, त्यांनी मनाच्या आघाताची दखल घेणे विसंगत का, याचे उत्तर द्यायला हवे.

या मुद्द्यावर भारतीय कायद्याने बरीच वाट आधीच चालून ठेवली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी समायोजनाचे तत्त्व आहे; इतरांवर अवाजवी बोजा न टाकता, व्यक्तीला तिचे हक्क इतरांच्या बरोबरीने उपभोगता यावेत म्हणून व्यवस्थेत केलेला आवश्यक तो बदल, असा त्याचा थोडक्यात अर्थ. लेखनात अडथळा आणणारा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात, चाळीस टक्क्यांच्या दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. पितृशोक म्हणजे दिव्यांगत्व नव्हे, त्यामुळे हा निकाल शोकग्रस्त विद्यार्थ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. पण सर्वांना एकाच मापाने मोजल्याने समता आपोआप साधत नाही, हा त्यामागचा विचार येथेही तितकाच लागू आहे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि मराठी मनाला तो अधिक जवळचा वाटतो: संकटात न डगमगणे हेच खरे शिक्षण, आयुष्य कोणाला तारीख वाढवून देत नाही, मग परीक्षेने का द्यावी? हे धैर्य आदरणीय आहे, यात वाद नाही. वाद आहे तो धैर्याची सक्ती करण्याबद्दल. समजा, दहावीच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे दहावे आणि गणित भाग दोनचा, म्हणजे भूमितीचा, पेपर एकाच दिवशी आले. घरी पाहुणे आहेत, आईला सावरायला मोठे कोणी नाही, धाकट्या भावाला नदीवर कोणी न्यायचे हे ठरलेले नाही. आणि अकराच्या पेपरला साडेदहाला वर्गात बसायचे म्हणून ती सकाळीच कंपासपेटी आणि हॉलतिकीट घेऊन घराबाहेर पडली. दोन तासांत चाळीस गुणांचा तो पेपर तिने सोडवला आणि वर्गात एरवी सहज जमणारी प्रमेयाची सिद्धता अर्ध्यावर राहिली. ती गैरहजर राहिली असती तर निकालात त्या विषयापुढे तशी नोंद झाली असती. हजर राहिली म्हणून गुण गेले. दोन्ही वाटांवर नुकसानच असेल तर तिने निवडलेल्या वाटेला धैर्य म्हणून गौरवणे म्हणजे व्यवस्थेची उणीव मुलीच्या सद्गुणाने झाकणे होय. शिवाय मोठ्यांना हा न्याय कोणी लावत नाही. कार्यालयातला माणूस वडिलांच्या निधनानंतर रजा घेतो, कामाच्या तारखा पुढे जातात, आणि त्यामुळे त्याचे चारित्र्य ढासळले असे कोणी मानत नाही.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रे किती सहज मिळतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको, आणि खऱ्या गरजूंच्या सवलतीत बोगस लाभार्थी घुसल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. परंतु ज्या आपत्तींचा येथे विचार आहे त्यांतील बऱ्याच घटना कागदावर आपोआप उमटतात: मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपालिका देते, रुग्णालयात दाखल झाल्याची नोंद असते, आगीचा किंवा पुराचा पंचनामा असतो. घरातील हिंसेसारख्या, कागद नसलेल्या प्रसंगी वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांचा एकत्रित अभिप्राय मागता येतो. काही लबाड सुटतील म्हणून सर्व खऱ्यांना दार बंद ठेवायचे, हे तर्कशास्त्र शिष्यवृत्तीला किंवा पीकविम्याला लावले तर त्या योजनाही गुंडाळाव्या लागतील.

चौथा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते, श्रेणीसुधाराचीही संधी मिळते, मग नवी व्यवस्था कशाला? पुरवणी परीक्षेने असंख्य मुलांचे वर्ष वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचा निकाल हाती येईपर्यंत अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या नियमित फेऱ्या बहुतांशी उरकलेल्या असतात आणि हव्या त्या महाविद्यालयातील जागा भरलेल्या असतात. पेपर देऊन कमी गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचा प्रश्नही तीत सुटत नाही, कारण प्रवेश त्याच कमी गुणांवर होतो. पर्यायी परीक्षा लवकर घेणे अशक्य आहे असेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने शालेय वर्षात दोनदा मंडळाची परीक्षा देण्याची मुभा सुचवली आहे आणि केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०२६ पासून दहावीसाठी दुसरी परीक्षा मे महिन्यात घेण्याचे ठरवले.

पाचवा आक्षेप कोणी लिहून मांडत नाही, पण प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त मुलांना गप्प करतो: घरचे घरात राहावे, झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांचे व्यसन, आईवरची मारहाण, सावकाराचा तगादा हे शाळेत सांगितले तर अब्रू जाईल, ही भीती निराधार नाही, कारण शिक्षकांच्या खोलीत बोललेले गावभर व्हायला वेळ लागत नाही. या भीतीवरचा उपाय गुप्ततेचा नियम करणे हा आहे, मुलाला गप्प बसवणे हा नव्हे. गप्प राहण्याची किंमत काय असते, याचा अंदाज राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालावरून येतो. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या, तर परीक्षेतील अपयश या कारणाखाली नोंदलेल्या आत्महत्यांची संख्या २,२४८ होती. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्गवारीतले असले तरी एवढे दिसते की विद्यार्थ्याच्या हताशेमागे निकालापलीकडचीही कारणे असतात, आणि म्हणून गुणांना फार महत्त्व देऊ नका, एवढा उपदेश पुरत नाही. घरात काय चालले आहे हे विचारणारे कोणीतरी लागते.

खंडन एवढे पुरे, आता मंडन. अशी व्यवस्था कशी असू शकते याचा एक तपशीलवार नमुना इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील जीसीएसई व ए-लेव्हल परीक्षांत सापडतो. तेथील परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेच्या नियमांत दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. परीक्षेआधीच माहीत असलेल्या अडचणीसाठी जादा वेळ किंवा लेखनिकासारखी सोय केली जाते. ऐनवेळी कोसळलेल्या आपत्तीसाठी परीक्षेनंतर विशेष विचार केला जातो, म्हणजे गुणांत मर्यादित वाढ होते. ही वाढ जास्तीत जास्त पाच टक्के असते आणि ती परीक्षेपूर्वी दोन महिन्यांच्या आत निकटच्या कुटुंबीयाचा मृत्यू झाल्यासारख्या अतिगंभीर प्रसंगांसाठीच राखलेली आहे. किरकोळ त्रासासाठी ती एक टक्क्यावर येते. सबळ कारणाने एखादा पेपर बुडाला आणि एकूण मूल्यमापनाचा किमान पंचवीस टक्के भाग पूर्ण झालेला असला, तर उरलेल्या भागावरून श्रेणी काढता येते. अर्ज विद्यार्थ्याच्या वतीने शाळा करते, त्यामुळे शोकात असलेल्या कुटुंबाला मंडळाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. पाच टक्क्यांनी बापाच्या मृत्यूची भरपाई होत नाही, आणि ती व्यवस्था तसा दावाही करत नाही. ती फक्त एवढेच म्हणते की, घडले ते नोंदले गेले आहे आणि त्याचा विचार झाला आहे.

आपल्याकडे अशा मूल्यमापनाचा अनुभव नाही असेही म्हणता येणार नाही. कोविडमुळे २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा मंडळाने नववीच्या निकालाला ५०, दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक व तत्सम मूल्यमापनाला २० असे गुण धरून निकाल लावला. तो निकाल ९९.९५ टक्के लागला, हे या पद्धतीविरुद्ध पुढे केले जाईल. पण तेव्हा सर्वांचेच मूल्यमापन शाळांवर सोपवले होते, आणि येथे मागणी आहे ती नियमांत बसणाऱ्या मोजक्या प्रकरणांपुरती, मंडळाच्या छाननीसह. संकट सर्वांवर आले तेव्हा जे सूत्र सापडले, ते एकट्यावर आले म्हणून सापडू नये, याला शैक्षणिक कारण नाही.

गुणांचा निर्णय मंडळाचा असला तरी पहिली मदत शाळेच्या पातळीवरच मिळू शकते आणि तिच्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संपर्क ठेवावा, असे निर्देश दिले. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. प्रशिक्षित व्यक्तीने विद्यार्थ्याचे गोपनीयपणे ऐकून घेऊन त्याला पुढचा मार्ग ठरवायला मदत करणे होय. राज्य मंडळही परीक्षाकाळात विभागवार समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे, आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक असल्यामुळे गुप्ततेची ही एक मर्यादा मुलांना आधीच सांगितलेली बरी.

या सर्वांतून निघणारी मागणी मोठ्या खर्चाची नाही. शाळेने जानेवारीतील पूर्वपरीक्षेच्या वेळी पालकसभेतच सांगावे की अडचण आली तर कोणाला भेटायचे. त्या व्यक्तीने घटनेची तारीख, बाधित झालेले पेपर आणि सोबतचा पुरावा यांची एक पानाची नोंद करून ती मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे पाठवावी. आणि मंडळाने सोय, पर्यायी पेपर व मर्यादित गुणविचार यांपैकी काय दिले किंवा का नाकारले, हे निकालाआधी लेखी कळवावे. असे झाले तर सुतकातही पेपर देण्याचे ठरवणारी मुलगी तेव्हाही असेल आणि तिच्या धैर्याचे कौतुकही होईल, पण ते धैर्य तिने स्वतः निवडलेले असेल. आणि जिला ते जमले नाही, तिची गुणवत्ता कमी होती असा निष्कर्ष तिच्या गुणपत्रिकेवरून कोणाला काढता येणार नाही.