वायर कापण्यापूर्वी ती समजून घ्या

घरातले जुने यंत्र मुके झाले की आपण चटकन म्हणतो, "जुनेच ते, द्या भंगारात." पण पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. ते आतून कसे जोडले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, इतकेच. आज अशाच एका जोडणीविषयी आम्ही लिहीत आहोत. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांचा मुलगा एक स्टिरिओ रिसीव्हर उचलून आमच्याकडे आला. रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी असे संच जगभर विकले. आखातात कामाला गेलेल्या आपल्या माणसांनी त्यातले काही इकडे आणले. काकांच्या थोरल्या भावाने आणलेला हा संच तीन वर्षे मुका पडून होता आणि भंगारवाल्याशी भावही ठरला होता.

मुलगा आयटीआयमध्ये शिकलेला, हाताने चलाख. म्हणाला, "मामा, स्पीकरची 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणे आहेत. एकटे 'ए' दाबले की छान वाजतो. दोन्ही दाबली की आवाज गुल! आत बघितले तर 'ए'ची वायर 'बी'वरून फिरवली आहे. कोणीतरी चुकीचे जोडले असणार. कापून सरळ करू का?" सोल्डरिंग आयर्न तापवूनच ठेवले होते त्याने. आम्ही म्हणालो, "थांब बाळा. आधी ते बंद कर."

ती चूक नव्हती. बहुतेक संचांत 'ए' आणि 'बी' या स्पीकरच्या दोन जोड्या समांतर, म्हणजे पॅरलल जोडलेल्या असतात. पण काही संचांत दोन्ही बटणे दाबली की त्या एकसर, म्हणजे सिरीज होतात. मांडवातली दिव्यांची साधी माळ आठवा. एक दिवा गेला की सगळी माळ विझते. येथेही तसेच. वीज 'ए'मधून 'बी'त आणि तेथून परत जाते. काकांच्या घरी स्पीकरची एकच जोडी होती, 'बी'ची जागा रिकामी. साफसफाईत कोणाकडून तरी दुसरे बटण दाबले गेले, वाट तुटली आणि दोन्ही बाजू मुक्या झाल्या.

मग कारखानदाराने असे का केले असावे? हिशेब सोपा आहे. समजा, अॅम्प्लिफायर २० व्होल्ट देतो आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. प्रवाह झाला अडीच अँपिअर. असे दोन स्पीकर समांतर लावले तर रोध ४ ओहमवर येतो आणि प्रवाह ५ अँपिअर होतो. स्पीकर ४ ओहमचे असतील तर दोन मिळून २ ओहम आणि प्रवाह १० अँपिअर! हा सगळा भार आतल्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर पडतो. तेच दोन ८ ओहमचे स्पीकर एकसर लावले तर रोध १६ ओहम होतो आणि प्रवाह फक्त सव्वा अँपिअर. आवाज थोडा कमी होतो, दोन जोड्या वेगळ्या असतील तर तो सारखा वाटलाही जात नाही. पण संच जळत नाही. ती फिरवलेली वायर म्हणजे संचाचे संरक्षण होते.

आता आमची चूक. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका मावशींचा असाच संच आमच्या हाती आला होता. आम्हीही ती जोडणी चुकीची ठरवली, कापली आणि समांतर केली. त्यांच्या घरचे स्पीकर ४ ओहमचे होते. घरी लग्न होते, संच तासभर मोठ्याने वाजला आणि धूर निघाला. ते ट्रान्झिस्टर पुन्हा मिळाले नाहीत. मावशींना आम्ही सांगितले, "संच जुना होता, कधीतरी जाणारच." त्यांनी विश्वास ठेवला. ते खोटे होते. अज्ञानापेक्षा ते खोटे अधिक वाईट, म्हणून आज येथे कबूल करतो.

आपल्या घरात असा संच असेल तर एवढे करा. संच बंद करून प्लग काढा, स्पीकरच्या तारा सोडवा आणि दोन्ही बटणे दाबून ठेवा. एका बाजूचे, समजा डावीकडचे, टोक मल्टिमीटरने तपासा. 'ए'चे लाल टोक 'बी'च्या लाल टोकाशी आणि काळे काळ्याशी जोडलेले दिसले, तर जोडणी समांतर. एका जोडीचे काळे टोक दुसरीच्या लाल टोकाशी जोडलेले दिसले, तर एकसर. संच उघडावा लागला तर लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मुलांना जवळ येऊ देऊ नका. वायर सोडवण्याआधी फोनवर फोटो घ्या आणि कागदावर चित्र काढा.

परदेशी संच विजेला लावताना आणखी एक गोष्ट बघा. अनेक निर्यातीच्या संचांत मागे व्होल्टेजचा खटका असतो. ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी ११०-१२० व्होल्टसाठी समांतर होतात आणि २२०-२४० साठी एकसर. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. खटका ११० वर राहिला तर संच जळू शकतो. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट असतात. तेथल्या घरगुती विक्रीचा, खटका नसलेला संच योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नका.

काकांच्या संचाला आम्ही काहीच केले नाही. 'बी'चे बटण वर केले, धूळ पुसली आणि झाकण लावले. मुलाने विचारले, "मामा, मजुरी किती?" आम्ही म्हणालो, "कसली मजुरी? तू वायर कापली नाहीस, हीच मजुरी."