निवडुंगाच्या फुलाचा फोटो

मुलांनो, वसंत ऋतूत फुलांचे फोटो काढायला निघालेला माणूस बागेत जातो, फार तर पळसाखाली उभा राहतो. निवडुंगाकडे कोणी वळत नाही. मला हे पटत नाही.

उर्दूत तुम्ही ज्याला नागफनी म्हणता, तोच हा फड्या निवडुंग. त्याची ती जाड, चपटी 'पाने' पाने नसून खोडच असते. खऱ्या पानांचे काटे झालेले असतात, म्हणून पाणी वाया जात नाही. चैत्राच्या सुमारास त्या फड्याच्या कडेवर पिवळे, रेशमी फूल उमलते आणि एखाद्या-दुसऱ्या दिवसात मिटते. काडीने आतल्या केसरांना हळूच स्पर्श करा. ते आत वळतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा फोटो काढायचेच विसरलो होतो!

काही जण म्हणतात, "हे झाड परदेशी आहे, त्याचे कौतुक कशाला?" खरे आहे. निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड निवडुंगावरच बसलेला आहे. 1795 साली लाल रंग मिळेल या आशेने ब्राझीलहून एक कीडा भारतात आणला गेला. तो निघाला भलत्याच जातीचा. त्याच्यापासून चांगला रंग मिळाला नाही. निवडुंगाची एक जात मात्र त्याने फस्त केली. पण मिरची, पेरू आणि सीताफळही तिकडूनच आले. मिरचीला आपण कधी परकी म्हणतो का?

निवडुंग माजला की चराऊ कुरण गिळतो, हेही मी नाकारत नाही. तेथे तो काढावाच. परंतु जुन्या बांधावरचे कुंपण एकदाही न पाहता उपटून तार ओढणे मला घाईचे वाटते. त्या फुलांवर मधमाश्या येतात, तारेवर काय येणार?

तेव्हा एखाद्या रविवारी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्याच माळावर जा. वाळवंटाचे तिकीट काढायला नको. घरच्या मोबाइलने काम भागते. ऊन चढल्यावर फूल पुरते उघडते, म्हणून टोपी आणि पाणी बरोबर घ्या. शेतमालकाला आधी विचारा. फूल तोडू नका, फळाला हात लावू नका. मोठे काटे दिसतात, पण बारीक कुसळे दिसत नाहीत. ती बोटात शिरली, की संध्याकाळभर आई चिमटा घेऊन बसते आणि फोटो पाहायला कोणालाच वेळ उरत नाही.