माहीत करून घ्यायचं की नाही?

हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आईला किंवा बापाला असला, की प्रत्येक मुलाला, मुलीला तो होण्याची शक्यता निम्मी. अमेरिकेतल्या नॅन्सी वेक्सलर यांची आई त्यानंच १९७८ साली गेली. नॅन्सी व्हेनेझुएलात मराकायबो सरोवराकाठी वर्षानुवर्षं जाऊन आजारी कुटुंबांचे रक्तनमुने गोळा करत राहिल्या. १९९३ मध्ये जनुक सापडलं. तपासणी निघाली, आजार बरा करणारं औषध मात्र आजही नाही. नॅन्सींनी स्वतःची तपासणी केलीच नाही! आधी मला नवल वाटलं, मग पटलं. (२०२० मध्ये आपल्यालाही तो आजार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.)

आपल्याकडे स्थळ बघताना 'घराण्यात काही नाही ना?' विचारतातच. उद्या कुणी मुलीला म्हणालं, तपासून ये, तर? जायचं की नाही, हे तिनंच ठरवावं. सासूनं नाही, आणि आपण आयांनीही नाही.